गुडघ्याच्या अस्थिसंधिवातावरील व्यायाम व हस्तोपचार

गुडघ्याचा अस्थिसंधिवात अर्थात ऑस्टिओआर्थ्रायटिस हा प्रामुख्याने मध्यम वयानंतर आढळणारा, दीर्घकाळ चालणारा सांध्याचा विकार आहे. या विकारात गुडघ्यातील कूर्चा, तिच्याखालील हाड, सांध्याचे अस्तर, अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू या सर्वांमध्ये हळूहळू बदल होतात; परिणामी वेदना, ताठरपणा आणि हालचालींवर मर्यादा येते. व्यायाम आणि हस्तोपचार या त्यावरील दोन औषधविरहित उपचारपद्धती होत. यांपैकी नियमित व्यायाम हा या विकाराच्या उपचाराचा पाया मानला जातो, तर प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने हातांनी केलेला हस्तोपचार हा व्यायामाला पूरक असतो. या उपचारांनी झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. मात्र वेदना कमी होणे, चालण्याची क्षमता वाढणे आणि काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया लांबणीवर पडणे हे लाभ वैद्यकीय चाचण्यांतून दिसून आले आहेत.

संज्ञा

मराठी बोलीभाषेत सांध्यांच्या सर्वच दुखण्यांना सरसकट ‘वात’ किंवा ‘संधिवात’ म्हटले जाते. वैद्यकीयदृष्ट्या मात्र त्यांत भेद आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आघात करू लागल्याने होणाऱ्या विकारास आमवात म्हणतात. त्यावर स्वतंत्र औषधयोजना करावी लागते. अस्थिसंधिवात हा त्याहून वेगळा व कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारा विकार आहे. आयुर्वेदात ‘संधिगतवात’ या नावाने वर्णिलेल्या विकाराची लक्षणे त्याच्याशी बरीच जुळतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीविषयक अध्यायात सांध्याची सूज आणि सांधा वाकवताना व सरळ करताना होणारी वेदना यांचा उल्लेख येतो.

फिजिओथेरपी या संज्ञेसाठी मराठीत भौतिकोपचार हा शब्द रूढ आहे. हस्तोपचार या शब्दाने या लेखात तज्ज्ञाने सांध्यावर व मऊ ऊतींवर हातांनी केलेल्या नियंत्रित हालचाली अभिप्रेत आहेत. तेल लावून केलेली मालीश किंवा हाडवैद्याने झटका देऊन ‘सांधा बसवणे’ हे प्रकार त्यात मोडत नाहीत.

गुडघ्याची रचना आणि विकाराचे स्वरूप

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी या तीन हाडांनी गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या भार विभागून घेतात. सांध्याच्या अस्तरातून पाझरणारा संधिद्रव सांध्याला वंगण पुरवतो. सांध्याला गती आणि स्थैर्य देण्याचे काम मांडीच्या पुढच्या बाजूचा चतुःशिरस्क स्नायू, मागच्या बाजूचे स्नायू, पोटरी आणि नितंबाचे स्नायू करतात.

‘गुडघ्यातले वंगण संपले’ असा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. त्यामुळे गुडघा म्हणजे वापराने झिजत जाणारा यंत्राचा भाग होय आणि त्याचा वापर जितका कमी तितका तो अधिक टिकेल, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत शरीररचनेशी सुसंगत नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हालचालीच्या वेळी तिच्यावर दाब येतो व नंतर सुटतो. या क्रियेतून संधिद्रवातील पोषकद्रव्ये तिच्यात शिरतात. त्यामुळे सांध्याच्या आरोग्यासाठी प्रमाणशीर हालचाल आवश्यक असते. दीर्घकाळ विश्रांती घेतल्यास स्नायू क्षीण होतात, प्रत्येक पावलाचा आघात सांध्यावर अधिक प्रमाणात येतो, वेदना वाढते आणि वेदनेच्या भीतीने हालचाल आणखी घटते. गुडघ्यात सूज असल्यास चतुःशिरस्क स्नायूला मिळणारी मज्जासंस्थेची चेतना कमी होते आणि तो आणखी दुबळा होतो. व्यायामोपचाराचा मुख्य हेतू हे दुष्टचक्र तोडणे हा असतो.

कारणे

पुढील घटकांमुळे हा विकार होण्याची शक्यता वाढते :

• वाढते वय. स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, याचे प्रमाण अधिक असते.
• शरीराचे अतिरिक्त वजन. लठ्ठ व वयस्कर रुग्णांच्या चालण्याचे मोजमाप करणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात (२००५) वजन १ किलो कमी झाल्यास प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, असे आढळले.
• गुडघ्याला पूर्वी झालेली दुखापत.
• दीर्घकाळ उकिडवे किंवा गुडघे टेकून बसण्याची, तसेच जड ओझी उचलण्याची कामे.
• आनुवंशिकता, पायांचा बाक आणि मांडीच्या स्नायूंची दुर्बलता.

लक्षणे व निदान

चालताना, जिना चढता-उतरताना किंवा जमिनीवरून उठताना गुडघ्यात होणारी वेदना हे प्रमुख लक्षण होय. सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर गुडघा आखडतो. हा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत कमी होतो. गुडघा हलवताना करकर आवाज येणे, सूज, गुडघा पूर्ण वाकवता किंवा सरळ करता न येणे आणि विकार वाढल्यावर पायांना बाक येणे ही इतर लक्षणे आहेत. वेदनेविना येणारा आवाज चिंतेचा मानला जात नाही.

निदान मुख्यतः लक्षणे व तपासणी यांवरून केले जाते. क्ष-किरण चित्रावरून विकाराच्या ० ते ४ अशा श्रेणी ठरवण्याची पद्धत केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली; ती आजही वापरात आहे. तथापि क्ष-किरण चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण पुष्कळदा जुळत नाही. चित्रात बरीच झीज दिसूनही काहींना फारसा त्रास होत नाही, तर अल्प झीज असलेल्या काहींना तीव्र वेदना होतात. त्यामुळे केवळ क्ष-किरण चित्राच्या आधारे व्यायाम निरुपयोगी ठरवला जात नाही.

वेदना व कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘वोमॅक’ ही २४ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात वेदनेविषयी ५, ताठरपणाविषयी २ आणि दैनंदिन हालचालींविषयी १७ प्रश्न असतात. गुणांक जितका कमी तितकी रुग्णाची स्थिती चांगली समजली जाते.

उपचारांचा इतिहास

हालचालींचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर करण्याची युरोपीय परंपरा स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग यांच्यापर्यंत मागे जाते; त्यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न, ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड आणि न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांनी सांध्यांवरील हस्तोपचाराच्या स्वतंत्र पद्धती विकसित केल्या. भारतात भौतिकोपचाराच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला. पोलिओच्या रुग्णांचे पुनर्वसन ही त्या काळातील मोठी गरज होती. पुढे गुडघा, कंबर व मान यांच्या दुखण्यांवरील उपचारांनाही या शास्त्रात महत्त्व आले.

व्यायाम

गुडघ्याच्या अस्थिसंधिवातासाठी स्नायूंची ताकद वाढवणारे, सांध्याची लवचीकता राखणारे, दमश्वास वाढवणारे आणि तोल सुधारणारे असे चार प्रकारचे व्यायाम सांगितले जातात. त्यांपैकी कोणताही एक प्रकार इतरांहून निर्विवादपणे श्रेष्ठ ठरलेला नाही. रुग्णाला जमेल व तो सातत्याने करेल असा व्यायाम निवडणे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

ताकदीचे व्यायाम

१. गुडघा दाबणे : पाय लांब करून बसावे किंवा झोपावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती खाली दाबावी. मांडीचा स्नायू आवळलेला असताना ५ ते १० सेकंद थांबून सैल सोडावे.

२. सरळ पाय उचलणे : पाठीवर झोपून एक गुडघा दुमडावा. दुसरा पाय गुडघ्यात न वाकवता जमिनीपासून साधारण एक फूट उचलावा, ५ सेकंद धरावा व सावकाश खाली आणावा.

३. बसून पाय सरळ करणे : खुर्चीवर किंवा उंच बाजेवर बसून एक पाय गुडघ्यात पूर्ण सरळ करावा, ५ सेकंद थांबून हळू खाली सोडावा. ताकद वाढल्यावर घोट्याला हलके वजन बांधता येते.

४. कुशीवर झोपून पाय उचलणे : वरचा पाय सरळ ठेवून वर उचलावा. यामुळे नितंबाच्या बाजूचे स्नायू बळकट होतात व चालताना गुडघ्याला आधार मिळतो.

५. खुर्चीवरून उठणे-बसणे : हातांचा आधार शक्य तितका कमी घेऊन सावकाश उठावे व सावकाश बसावे. सुरुवातीस उंच खुर्ची घ्यावी किंवा बैठकीवर उशी ठेवावी.

६. पायरी चढणे : १० ते १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर एक पाय ठेवून चढावे व त्याच पायावर भार ठेवत सावकाश उतरावे. भिंतीचा किंवा कठड्याचा आधार हाताशी असावा.

प्रत्येक व्यायामाची ८ ते १२ आवर्तने, अशा दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करण्याचा प्रघात आहे. पहिले दोन व्यायाम हलके असल्याने ते रोज करता येतात. आवर्तने सहज जमू लागली की वजन, उंची किंवा संख्या थोडी वाढवावी लागते. अन्यथा ताकद वाढण्याची प्रक्रिया थांबते.

लवचीकतेचे व्यायाम

पाठीवर झोपून टाच जमिनीवरून सरकवत गुडघा हळूहळू वाकवणे व सरळ करणे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे आणि पाय सरळ ठेवून मांडीच्या मागील बाजूस ताण देणे हे यातील मुख्य व्यायाम होत. ताण १५ ते ३० सेकंद धरतात. झटके देत नाहीत. गुडघा पूर्ण सरळ होत नसल्यास चालताना स्नायूंना सतत ताठ राहावे लागते व पाय लवकर थकतो. म्हणून वाकवण्याइतकेच सरळ करण्याकडेही लक्ष दिले जाते.

दमश्वासाचे व तोलाचे व्यायाम

सपाट जमिनीवर चालणे, सायकल चालवणे आणि सोय असल्यास पाण्यात चालणे किंवा पोहणे हे दमश्वासाचे व्यायाम आहेत. एका दमात बरेच अंतर चालवत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे टप्पे पाडता येतात. दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो. आधाराजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याच्या सरावाने तोल सुधारण्यास मदत होते.

योगासने

योगासनांचाही या विकारात वापर होतो. पुण्याचे बी.के.एस. अय्यंगार यांनी पट्टा, दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे अशा साधनांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत रूढ केली. सांधे आखडलेल्या व्यक्तींना ती सोयीची पडते. बंगळूर येथे २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) एकात्मिक योगोपचाराने वेदना व कार्यक्षमतेत सुधारणा आढळली. वज्रासन, पद्मासन, मलासन यांसारखी गुडघा पूर्ण दुमडणारी आसने वेदना असताना टाळण्याचा किंवा आधाराने करण्याचा सल्ला दिला जातो.

व्यायामातील वेदनेचे प्रमाण

व्यायामाच्या सुरुवातीस थोडी वेदना होणे स्वाभाविक असून ती सांध्याला इजा झाल्याचे लक्षण समजली जात नाही. ० म्हणजे वेदना नाही आणि १० म्हणजे असह्य वेदना अशा मापनात ५ पर्यंतची वेदना चालण्याजोगी मानतात. मात्र ती २४ तासांत पूर्वपदावर यावी लागते. दुसऱ्या दिवशीही वेदना वा सूज वाढलेली राहिल्यास व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी केले जाते. जाणवण्याजोगा फरक पडण्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. व्यायाम सोडल्यास लाभ हळूहळू ओसरतो.

हस्तोपचार

हस्तोपचारात भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या गुडघ्याच्या हालचालीची मर्यादा तपासून त्यानुसार पुढील तंत्रे वापरतो :

• मांडीच्या हाडाच्या संदर्भात नडगीचे हाड पुढे-मागे सरकवणे.
• गुडघ्याची वाटी वर-खाली व दोन्ही बाजूंना हळुवार सरकवणे.
• गुडघा सरळ करण्याच्या व वाकवण्याच्या अंतिम टप्प्यात नियंत्रित दाब देणे.
• मांडी व पोटरीच्या आखडलेल्या स्नायूंवर दाब व ताण देणे.
• गरजेनुसार खुबा, घोटा व कंबर यांच्या सांध्यांवरही उपचार करणे.

मेटलंड यांच्या पद्धतीत या हालचालींच्या चार श्रेणी केल्या जातात. पहिल्या दोन श्रेणींत हालचाल मर्यादेच्या अलीकडेच थांबते; त्या मुख्यतः वेदना शमवण्यासाठी योजतात. तिसऱ्या व चौथ्या श्रेणींत हालचाल मर्यादेपर्यंत नेली जाते. त्या ताठरपणा कमी करण्यासाठी वापरतात. मलिगन यांच्या पद्धतीत तज्ज्ञ सांध्याला विशिष्ट दिशेने आधार देत असताना रुग्ण स्वतः गुडघा वाकवतो किंवा उठतो-बसतो. हे तंत्र वेदनारहित असणे हा तिचा मूलभूत नियम आहे.

हस्तोपचाराने ‘सरकलेले हाड जागेवर येते’ ही समजूत बरोबर नाही. सांध्यातील व त्वचेतील संवेदनांमुळे मज्जासंस्थेतील वेदनेचे नियमन बदलते आणि ऊतींचा ताठरपणा काही काळ कमी होतो, असे स्पष्टीकरण आज दिले जाते. हा परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतो. त्या अवधीत वेदना कमी असल्याने रुग्णाला व्यायाम करणे सोपे जाते, आणि यातच हस्तोपचाराचे खरे मूल्य आहे. केवळ हस्तोपचार करून घेऊन व्यायाम न केल्यास स्नायूंची दुर्बलता तशीच राहते.

संशोधन

अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका लष्करी रुग्णालयात गेल डाइल व सहकाऱ्यांनी ८३ रुग्णांवर केलेली चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. एका गटास हस्तोपचार व व्यायाम, तर दुसऱ्या गटास परिणामशून्य इतक्या कमी तीव्रतेचे अल्ट्रासाउंड देण्यात आले. उपचार आठवड्यातून दोनदा असे चार आठवडे चालले. आठव्या आठवड्यात पहिल्या गटाच्या वोमॅक गुणांकात सुमारे ५६ टक्के सुधारणा दिसली व सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. एका वर्षाअखेर पहिल्या गटातील ५ टक्के, तर दुसऱ्या गटातील २० टक्के रुग्णांची गुडघेरोपण शस्त्रक्रिया झाली होती.

याच संशोधकांच्या २००५ सालच्या १३४ रुग्णांवरील चाचणीत, उपचारकेंद्रात हस्तोपचार व देखरेखीखाली व्यायाम घेणाऱ्यांत चार आठवड्यांनी ५२ टक्के, तर घरीच व्यायाम करणाऱ्यांत २६ टक्के सुधारणा आढळली. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते. उपचारकेंद्रापासून दूर राहणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांवरील चाचणीत भौतिकोपचाराची तुलना गुडघ्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाशी करण्यात आली. ० ते २४० या मापनात वर्षाअखेर भौतिकोपचार घेणाऱ्यांचा सरासरी गुणांक ३७, तर इंजेक्शन घेणाऱ्यांचा ५५.८ होता.

सर्वच चाचण्यांचे निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत. न्यूझीलंडमध्ये खुबा व गुडघ्याच्या २०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१३) हस्तोपचार व व्यायाम स्वतंत्रपणे लाभदायक ठरले, पण दोन्ही एकत्र दिल्याने लाभात भर पडली नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात ५४ चाचण्यांचा समावेश होता. व्यायामाने १०० गुणांच्या मापनात वेदना सरासरी १२ गुणांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२४ साली अद्ययावत केलेल्या आढाव्यात या लाभाचे मूल्यमापन अधिक सावधपणे करण्यात आले. तात्पर्य, व्यायामाचा सरासरी लाभ मध्यम स्वरूपाचा आहे.

मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हस्तोपचाराविषयी मतभेद दिसतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सर्व रुग्णांना व्यायामाची शिफारस केली आणि गुडघा वा खुब्याच्या विकारात हस्तोपचाराचा विचार केवळ व्यायामाच्या जोडीने करावा, असे म्हटले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१९च्या तत्त्वांत व्यायामाची ठाम शिफारस केली. परंतु नुसत्या व्यायामाऐवजी व्यायामाच्या जोडीने हस्तोपचार देण्याच्या विरोधात सशर्त मत नोंदवले. व्यायामाविषयी मात्र दोन्हींचे एकमत आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना अस्थिसंधिवात होता; त्यांपैकी सुमारे ३६.५ कोटी लोकांचा गुडघा बाधित होता. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील सांधेदुखीचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा तो भाग होता. घरोघरी जाऊन पाहणी केलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे व स्नायूंची दुखणी असल्याचे त्यात आढळले. पुढे पुण्यासह देशातील पाच ठिकाणी पाच हजार व्यक्तींची पाहणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण २८.७ टक्के नोंदवले गेले.

वोमॅक प्रश्नावली पाश्चात्त्य जीवनपद्धती समोर ठेवून तयार झाली होती. चोप्रा यांच्या पुण्यातील संधिवात केंद्राने तिचे भारतीय रूपांतर करून उकिडवे बसण्यासारख्या येथील दैनंदिन हालचालींना त्यात स्थान दिले. जमिनीवर मांडी घालून जेवणे, चुलीपुढे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे या क्रियांत गुडघा खुर्चीवर बसण्यापेक्षा कितीतरी अधिक वाकतो. त्यामुळे येथील रुग्णाच्या लेखी उपचाराचे यश पुष्कळदा जमिनीवरून आधाराविना उठता येण्यात असते.

मराठवाड्यातील शेतीकामात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील, कर्नाटकातील बीदर जिल्ह्याला लागून असलेल्या देवणी तालुक्यासारख्या भागांत सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिके घेतली जातात. खुरपणी, सोयाबीनची कापणी व निवडणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात व ती वाकून किंवा उकिडवे बसून तासन्‌तास चालतात. शेतमजुरीवर अवलंबून असलेल्या स्त्रीला गुडघेदुखीमुळे काम सोडावे लागल्यास तिचे उत्पन्नच थांबते. घरी विश्रांती घेण्याचा सल्ला अशा वेळी व्यवहार्य नसतो व वैद्यकीयदृष्ट्या हितकारकही नसतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे, उकिडवे बसण्याऐवजी लहान पाटावर वा तिवईवर बसणे, ओझ्याचे दोन भाग करणे आणि शौचालयात बैठक किंवा धरण्यासाठी दांडी बसवणे असे साधे बदल त्यापेक्षा उपयुक्त ठरतात.

‘दिवसभर शेतात राबणे हाच व्यायाम’ असाही समज आढळतो. शेतीकामात विशिष्ट हालचाली पुनःपुन्हा होत असल्या तरी मांडीचा पुढचा स्नायू व नितंबाचे स्नायू यांना क्रमाक्रमाने वाढत जाणारा भार त्यांतून मिळत नाही. म्हणून कष्टाची कामे करणाऱ्यांनाही वर दिलेल्या व्यायामांची स्वतंत्र गरज असते. त्यांसाठी बाज, उशी, टॉवेल व पायरी एवढी साधने पुरतात.

लातूर व नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असून लातूर येथे भौतिकोपचाराच्या पदवी शिक्षणाचीही सोय आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालये व सामुदायिक आरोग्य केंद्रे येथे भौतिकोपचाराची तरतूद केलेली आहे. तज्ज्ञाकडे वारंवार जाणे शक्य नसल्यास, एक-दोन भेटींत व्यायाम नीट शिकून घेऊन ते घरी करणे आणि काही आठवड्यांनी प्रगती तपासून घेणे हा मार्ग उपलब्ध असतो.

शस्त्रक्रिया व इतर उपचारांशी संबंध

विकार फार वाढल्यावर, रात्री झोपेतही वेदना होत असल्यास किंवा चालणे अशक्य झाल्यास गुडघेरोपणाचा विचार केला जातो. केंद्र शासनाच्या औषध किंमत नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तरीही रुग्णालयाचा खर्च व नंतरची देखभाल यांचा भार अल्पउत्पन्न कुटुंबांवर मोठा असतो. डेन्मार्कमधील १०० रुग्णांवरील चाचणीत (२०१५) गुडघेरोपणाने केवळ व्यायामादी उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली, पण गंभीर दुष्परिणामही अधिक आढळले. शस्त्रक्रियाविरहित उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांनीच पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. याउलट दुर्बिणीद्वारे सांधा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया अस्थिसंधिवातात लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक लाभदायक नसल्याचे १८० रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२००२) दिसून आले. गुडघेरोपण करावेच लागल्यास त्यानंतरही भौतिकोपचार आवश्यक असतो.

वेदनाशामक मलमे व गोळ्या यांनी तात्पुरता आराम मिळतो. मात्र वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होणे, रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडास इजा होणे असे धोके संभवतात. ज्येष्ठांमध्ये ते अधिक असतात. वजन अधिक असलेल्या रुग्णांमध्ये आहारनियंत्रण व व्यायाम एकत्र केल्यास केवळ एकापेक्षा अधिक लाभ होतो, असे ४५४ व्यक्तींवरील दीड वर्षाच्या चाचणीत (२०१३) आढळले.

दक्षता

पुढील परिस्थितीत व्यायाम वा हस्तोपचार सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते :

• गुडघा लाल, गरम व सुजलेला असून ताप असणे.
• पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर पायावर भार देता न येणे.
• पोटरीत अचानक वेदना व सूज येणे. हे रक्ताची गाठ झाल्याचे लक्षण असू शकते. अशा पायाला चोळणे धोक्याचे ठरते.
• गुडघा एकाएकी अडकून बसणे.
• विश्रांतीतही सतत वाढणारी वेदना किंवा कारणाविना वजन घटणे.
• सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे व हातांच्या लहान सांध्यांनाही सूज येणे. अशा वेळी आमवाताची शक्यता तपासली जाते.

हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींवर जोराचा हस्तोपचार करत नाहीत. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाचे प्रमाण ठरवणे इष्ट असते. श्वास रोखून व्यायाम करणे सर्वांनीच टाळावे.

हे सुद्धा पहा

• संधिवात
• आमवात
• भौतिकोपचार
• गुडघेरोपण
• योगासन